घंटेमागचा हात

विदाच्या हातांना थारा म्हणून नव्हता. दिवसभर दंतवैद्याच्या मागच्या खोलीत बसून ती लोकांच्या कवळ्या घासायची. संध्याकाळी घरी आली की बोलता बोलता टेबलावरचे ब्रेडचे कण गोळा करून रांगेत मांडायची, मोडायची, पुन्हा मांडायची. आणि जेवण झालं की आपल्या वाद्यासमोर जाऊन बसायची.

ते वाद्य म्हणजे एक उथळ लाकडी पेटी होती. तिच्यात खुंट्या, भोकं, बारीक दिवे आणि या भोकातून त्या भोकात गेलेल्या रंगीत तारांचं जंजाळ. मधोमध बटणांची जाळी होती, आडव्या रांगा आणि उभे रकाने. बटण दाबलं की त्याच्या आत दिवा लागायचा. उजेडाची एक रेघ डावीकडून उजवीकडे सारखी सरकत असायची, आणि पेटलेल्या बटणावरून ती गेली की त्या रांगेचा सूर वाजायचा. सगळ्या रांगा सारख्या लांबीच्या नव्हत्या, त्यामुळे एकदा जमलेला मेळ लवकर परत येत नसे. शिवाय प्रत्येक रांगेला एकेक खुंटी होती. विदा तिला 'लहर' म्हणायची. लहर वाढवली की पेटलेलं बटणसुद्धा वाजायचं की गप्प राहायचं ते यंत्र आपलं आपणच ठरवायचं, मधूनच एखादा दिवा शेजारच्या घरात सरकवायचं. असं सगळं लावून द्यायचं आणि बाजूला व्हायचं, मग संगीत आपोआप उगवत राहतं, ही त्यातली खरी गंमत.

विदाला बाजूला होणंच जमत नसे. तिचा हात सारखा कुठल्या ना कुठल्या खुंटीवर. सूर जरा दाट झाले की पातळ कर, पातळ झाले की भर. तिचा जुना मित्र मिलोश तिला म्हणायचा, "तू पोराला झोपवतेस आणि झोपलं की नाही ते बघायला दर मिनिटाला चिमटा काढतेस."

"मग काय बघत बसू?"

"लोक तेच करतात. बघत बसतात."

सावा नदीच्या खोऱ्यातल्या त्या खाणगावात मिलोशकडे जुन्या इंजिनघराची देखभाल होती. खाण बंद पडून वर्षं लोटली होती. माणसांना खाली-वर नेणाऱ्या पिंजऱ्याचं भलंमोठं चाक तेवढं तिथे उरलं होतं, दोरखंड काढून घेतलेलं. नगरपालिकेने काचा बसवल्या, रंग दिला, आणि आता तिथे कधी चित्रं लागायची, कधी गाणं व्हायचं. मार्टिनच्या सणाच्या रविवारी, नवी वाइन उघडतात त्या दिवशी, दुपारी विदाने वाजवावं असं मिलोशने ठरवून टाकलं.

विदाचा बाप विंको याच इंजिनघरात उभा राहून म्हातारा झाला होता. पिंजरा चालवायचा दांडा त्याच्या हातात असे. मागच्या वर्षी त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि विदा ल्युब्लियानाचं बिऱ्हाड मोडून त्याच्याकडे, टेकडीवरच्या खाणकामगारांच्या चाळीत राहायला आली. घटस्फोट आधीच झाला होता, तेव्हा मोडायला फारसं काही नव्हतंही. घरात ती कानाला हेडफोन लावून वाजवायची. विंकोला फक्त बटणांची टिकटिक ऐकू यायची.

"काय गं, झाली का तुझी पेटीची आरती?" तो विचारायचा.

"झाली."

"आणि कोण गात होतं?"

"कुणी नाही. आपोआप होतं ते."

यावर तो कॉफीत साखर ढवळत बसायचा, विरघळून गेल्यावरसुद्धा.

इंजिनघराच्या भिंतीवर दांड्याच्या वरच्या बाजूला थाळीएवढी जुनी घंटा होती. खाणीच्या तळातून तार ओढली की विजेच्या जोडणीने तिच्यावर टोला पडायचा. विदाने बघितली आणि तिच्या डोक्यात आलं की हिला वाजवायचंच. तिने एक छोटी विजेवरची हातोडी मिळवली, घंटेच्या कडेला घट्ट बसवली आणि तिची तार आपल्या जाळीच्या सगळ्यात खालच्या रांगेला जोडली. आता त्या रांगेतला दिवा लागला की खरीखुरी घंटा वाजणार होती. चाचणी घेताना तिने घंटेला फडकं गुंडाळलं, म्हणजे वर चाळीपर्यंत आवाज जाऊ नये.

"विंकोला सांगितलंस?" मिलोशने विचारलं.

"नाही. समोर बसवीन आणि ऐकवीन."

"म्हातारा रडेल."

"रडू दे की. तेवढंच."

रविवारी सकाळी विंकोने बूट चमकवले, इस्त्रीचा सदरा खुर्चीवर टाकला. शेजारच्या झोफ्काकाकूचा जावई त्याला गाडीतून आणणार होता. विदा वाद्य लावायला लवकरच खाली उतरली. दुपार झाली तरी नदीवरचं धुकं हललं नव्हतं. लोक ओले कोट झटकत, हातात वाइनचे पेले घेऊन आत येत होते आणि खुर्च्या ओढून बसत होते. पुढच्या रांगेत विदाने बापासाठी एक जागा धरून ठेवली होती, खुर्चीवर आपला मफलर टाकून. वेळ झाली. मफलर तिथेच होता.

"येईल," मिलोश म्हणाला. "बूट घालायला वेळ लागत असेल. सुरू कर तू."

तिने सुरू केलं. आधी फक्त एक खोल घोगरा सूर, जमिनीतून आल्यासारखा. मग दुसऱ्या रांगेतले काचेसारखे थेंब, एक इथे, एक तिथे. लोक शांत झाले. विदाचं अर्धं लक्ष दाराकडे होतं. हात मात्र आपलं काम करत होते, ही खुंटी जरा वर, ती जरा खाली. मग तिने खालच्या रांगेतली बटणं पेटवली आणि लहर अगदी थोडी ठेवली. घंटेवर पहिला टोला पडला. लोकांनी दचकून वर बघितलं. लोखंडी छत, मोठं चाक, काचा, सगळं एकदम थरारलं. बऱ्याच वेळाने दुसरा टोला. मग दोन लागोपाठ. विदाने मनात म्हटलं, कुठे अडकलात तुम्ही बाबा, हे ऐकायचं होतं ना तुम्हाला.

असं बराच वेळ चाललं असताना टेबलावर उलटा ठेवलेला फोन गुरगुरला. थांबला, पुन्हा गुरगुरला. तिसऱ्यांदा तिने तो उचलला आणि खांबाच्या आड गेली.

"विदा, तुझा बाप घरात नाही गं." झोफ्काकाकूला धाप लागली होती. "दार सताड उघडं. चुलीवर दूध करपून काळं झालेलं. जावयाला उशीर झाला, आता न्यायला गेला तर कुणीच नाही. कोट खुंटीला, बूट दारात. मी मघाशी खिडकीतून बघितलं होतं, अंगणात उभा होता आणि बोटं मोजत होता. मला वाटलं, जावयाच्या गाडीची वाट बघतोय."

"बूट घरी आहेत?"

"तेच तर सांगतेय. सपाता घालूनच गेलाय कुठेतरी."

विदा खांबाआडून जाळीकडे बघत राहिली. उजेडाची रेघ सरकत होती, थेंब पडत होते. तिचा हात सवयीने पुढे झाला आणि मध्येच थांबला. आजवर तिने हे वाद्य चालू ठेवून खोलीबाहेर पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. तिने कोट उचलला आणि बाजूच्या दाराकडे निघाली. दाराशी मिलोश उभा होता.

"कुठे चाललीस?"

"बाबा घरातून गेलेत. सपाता घालून."

"आणि हे?"

"वाजेल."

"म्हणजे? किती वेळ?"

"कुणी बंद करेपर्यंत. मिलोश, कुणाला हात लावू देऊ नकोस. तूही लावू नकोस."

"अगं पण लोकांना काय सांगू?"

ती तोवर बाहेर पडली होती.

आधी ती घरी गेली. करपलेल्या दुधाचा वास जिन्यापर्यंत आला होता. इस्त्रीचा सदरा खुर्चीवर तसाच, टोपी मात्र नव्हती. मग गाडी घेऊन खाणकामगारांच्या बँडच्या खोलीकडे, जिथे तो एरवी गप्पा मारायला जायचा; तिथे कुलूप. मग कब्रस्तानात, आईच्या थडग्यापाशी. तिथे एक बाई मेणबत्त्यांचे विझलेले डबे गोळा करत होती, तिने मान हलवली. मग खानावळीत. मालक म्हणाला, "विंको? तो तर आज तुझ्याकडे येणार होता ना? दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरतोय."

सगळीकडे तिच्या मागोमाग घंटा येत होती. त्या अरुंद खोऱ्यात आवाजाला पळायला जागा नाही. या टेकडीवर आपटायचा आणि त्या टेकडीवरून परत यायचा. इंजिनघराची वरची तावदानं मिलोशने हवेसाठी उघडून ठेवली असणार. टण. टण टण. आणि तिच्या लक्षात आलं की टोले दाट होत चालले आहेत. तिकडे लहर आपली आपण दिवे सरकवत होती. तिचा अंगठा गाडीच्या चाकावर गोल गोल फिरायला लागला, नसलेली खुंटी कमी करत. बाप कुठल्या खड्ड्यात पडलाय ते ठाऊक नाही आणि आपण खालची रांग पातळ करतोय. तिला स्वतःचीच लाज वाटली. तरी अंगठा थांबेना.

चौकात आल्यावर तिने गाडी उभी केली, काच खाली घेतली आणि ऐकत राहिली. बोटं मोजत होता. अंगणातून घंटा ऐकू येतेच. दार उघडं टाकून, दूध चुलीवर ठेवून तो त्या घंटेपासूनच पळाला असणार. तिने गाडी वळवली आणि जिकडे घंटेचा आवाज कमी होत जाईल तिकडे, खोऱ्याच्या तोंडाशी, नदीच्या दिशेने चालवत राहिली. कारखान्याची भिंत संपल्यावर काचेचे थेंब ऐकू येईनासे झाले. रेल्वेच्या पुलाखालून गेल्यावर घंटाही गेली. तिथून पुढे स्टेशन होतं.

विंको फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसला होता. डोक्यावर टोपी, अंगात घरातला लोकरीचा बनियन, पायात चौकड्यांच्या सपाता, चिखलाने माखलेल्या. हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

विदाने आधी त्याच्या अंगावर आपला कोट घातला, मगच बोलली. "कुठे निघाला होतात?"

"कुठे नाही."

"मग इथे कशाला?"

"इथे ऐकू येत नाही."

ती शेजारी बसली. तिला आता राग आला. "बाबा, अख्खं गाव पालथं घातलं मी. कब्रस्तानात जाऊन आले. छातीवर केवढा व्रण आहे तुमच्या, आठवतंय का? चुलीवर दूध—"

"जळलं का भांडं?"

"जळलं."

"निळं होतं?"

"बाबा."

तो रुळांकडे बघायला लागला. "कुणी वाजवली ती?"

"मी. म्हणजे माझ्या यंत्राने. तुमच्यासाठीच लावली होती. तुम्ही समोर बसणार, आणि ती वाजणार. तुम्हाला आनंद होईल वाटलं."

"आनंद," विंको म्हणाला. हा शब्द कुठल्या खिशात ठेवावा ते कळत नसल्यासारखा. "एक टोला म्हणजे थांब. दोन म्हणजे वर ने. तीन, खाली सोड. चार आधी आले तर पिंजऱ्यात माणसं आहेत, जपून. आयुष्यभर मी हे ऐकलं. त्या घंटेला मी ऐकत नाही विदा, माझे हात ऐकतात. अंगणात उभा होतो, तर दोन पडले. हात वर गेला. मग तीन. मग एक. मग पुन्हा तीन, आधी चार नाहीत, काही नाही. कोण आहे खाली? कुणाला काय हवंय? मी मोजत बसलो. मग म्हटलं, इथे थांबलो तर वेड लागेल."

"ते कुणाला उद्देशून नव्हतं. संगीत होतं ते."

"तुझ्यासाठी."

एक मालगाडी न थांबता गेली.

"एकदा झालं होतं असं," विंको म्हणाला. "तू शाळेत होतीस तेव्हा. बर्फ वितळत होतं, खाणीत सगळीकडून पाणी झिरपत होतं. पाळी सुटायची वेळ. घंटेने तीन दिले. खाली सोड म्हणून. मी दांड्याला हात घातला, आणि मला काहीतरी खटकलं. टोल्यात माणूस नव्हता."

"म्हणजे?"

"तार कोण ओढतंय ते कळतं गं. प्रत्येकाचा हात वेगळा. हा हातच नव्हता. मी दांडा हलवला नाही. मग दोन आले. मग एक, मग परत तीन. फोन केला तर फोन मुका. मी तसाच उभा. साहेब येऊन ओरडला, ऐकू येत नाही का तुला, माणसं खाली ताटकळलीत. मी म्हटलं, आज मी कुणाचं ऐकत नाही. दीड तास. शेवटी एकजण शिड्या चढून वर आला, तोंड काळं ठिक्कर, आणि म्हणाला, अरे खालून कुणी तार ओढलीच नाही. पाण्याने घंटेच्या विजेच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या होत्या. घंटा आपोआप वाजत होती."

विदाने कोट त्याच्या खांद्यांवर नीट ओढला.

"पहिले तीन टोले पडले तेव्हा आमच्या पाळीतल्या लोइझेचा एक पाय पिंजऱ्यात होता," विंको म्हणाला. "एक बाहेर."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"काय सांगायचं? काही घडलंच नाही ना. घडलं असतं तर सांगितलं असतं सगळ्यांनी." त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "तेव्हापासून मला आपोआप काही चाललेलं आवडत नाही. तू घरात म्हणायचीस, आपोआप होतं ते. मी कॉफी ढवळत बसायचो."

विदाने त्याचे हात मांडीखालून काढून घेतले. बर्फासारखे गार होते. "चला, गाडीत हीटर लावते. घरी जाऊ."

"तुझा कार्यक्रम संपला?"

"नाही. चालू आहे."

"कोण वाजवतंय?"

"कुणी नाही. मी तसंच सोडून आले."

विंकोने मान वळवून तिच्याकडे बघितलं. विदाने बापाचा असा चेहरा लहानपणीच बघितला होता, ती एकदा इस्त्री चालू ठेवून खेळायला गेली होती तेव्हा.

"चालू ठेवून आलीस?"

"तुम्हाला शोधायला आले."

"आत माणसं आहेत?"

"आहेत. ऐकतायत. कुणाला काही होणार नाही बाबा, नुसते आवाज आहेत."

"माणसं आत, यंत्र चालू, आणि पुढ्यात कुणी नाही." तो उठलासुद्धा. "चल. घर नंतर. आधी तिकडे."

"अहो, तुम्ही सपातांत—"

"सपाता राहू देत. चल म्हणतो ना."

गाडीत तो पुढे वाकून बसला होता, जणू त्याने गाडी लवकर पोचणार होती. पूल ओलांडल्यावर घंटा पुन्हा सुरू झाली, आता जवळजवळ न थांबता. विंकोच्या मांडीवरचा उजवा हात दर टोल्याला जरासा उडत होता. विदाने तो बघितला आणि आपला अंगठा चाकावर दाबून धरला.

इंजिनघराच्या फाटकाशी तीन म्हातारे खाणवाले सिगारेट ओढत उभे होते. एकाने टोपीला हात लावून खाणवाल्यांचा नमस्कार केला. "स्रेच्नो, विंको. आम्हाला वाटलं आत तूच आहेस. हे काय चाललंय? वर जायचं की खाली?"

"बघतो," विंको म्हणाला आणि आत गेला.

आत जे चाललं होतं ते विदाला ओळखू येईना. खालचा घोगरा सूर चढत चढत माणसाच्या आवाजाइतका वर आला होता आणि तिथेच अडकला होता. काचेचे थेंब एकमेकांत मिसळून त्यांची सरच झाली होती. तिने हे कधीच होऊ दिलं नसतं. पहिल्या मिनिटालाच खुंटी पिळली असती. आणि या सगळ्यावर ती घंटा, वेड्यासारखी. काही खुर्च्या रिकाम्या होत्या. एका बाईने पोराच्या कानांवर हात ठेवले होते. पण बाकीचे बसले होते, कुणी डोळे मिटून, कुणी रिकाम्या टेबलाकडे टक लावून. मिलोश टेबलाशेजारी पहारेकऱ्यासारखा उभा होता, घामाने डबडबलेला.

विदाचा हात सरळ खुंट्यांकडे गेला. विंकोने तिचं मनगट धरलं.

"थांब. आधी सांग, घंटा कुठली?"

"ही. खालची रांग."

"बंद कशी करतात?"

"बटण दाबलं की दिवा जातो."

तो जाळीवर वाकला. आयुष्यभर एकच जाड दांडा धरलेलं त्याचं बोट त्या बटणापुढे अवजड दिसत होतं. त्याने पहिला दिवा दाबला. गेला. दुसरा. रेघ सरकत आली तशी तो थांबला, तिला जाऊ दिलं, मग तिसरा. लोक बघत होते. त्यांना वाटलं असावं की हे असंच ठरलेलं आहे, सपातांतला म्हातारा वगैरे. टोले विरळ होत गेले. शेवटी पहिल्या रकान्यातला एकच दिवा राहिला.

"हा राहू दे," विंको म्हणाला. "एक म्हणजे थांब. पण हा नक्की वाजला पाहिजे. दर फेरीला. असं करता येतं का?"

"येतं." विदाने त्या रांगेची लहर शून्यावर आणली.

टण. मग लांब फेरी, सरींची, अडकलेल्या सुराची. टण. पुन्हा फेरी. विंकोने मिलोशची खुर्ची ओढून घेतली आणि तो टेबलाशी बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर. दर टोल्याला तो मान जराशी हलवायचा. वरचे सूर वाटेल तिकडे भटकत होते, त्यांच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. विदा त्याच्या मागे उभी राहिली. त्या अडकलेल्या सुराला मोकळं करावं असं तिला इतकं वाटत होतं की तिने हात काखांत दाबून धरले. तो सूर तसाच राहिला. मग बऱ्याच वेळाने आपला आपण खाली घसरला, आणि मागच्या रांगेत कुणीतरी मोठ्याने श्वास सोडला. तिने एकेक रांग मालवत आणली. घंटा विंकोने मालवली.

नंतर लोक भाजलेल्या बदकाभोवती आणि नव्या वाइनभोवती जमले. ल्युब्लियानात कार्यक्रम भरवणारी एक बाई विदाचा हात सोडेना. "मधला तो भाग, तुम्ही निघून जाता आणि टेबल रिकामं असतं तो. तुमचं इतकं धाडसी काही मी याआधी ऐकलं नव्हतं. वसंतात आमच्याकडे असंच करा."

"मी तेव्हा नव्हतेच इथे," विदा म्हणाली. "मी बापाला शोधत होते."

बाई समजूतदारपणे हसली.

"खरंच नव्हती," विंको बदकाचं हाड चोखत म्हणाला. "मी स्टेशनवर बसलो होतो. हिचा कोट माझ्या अंगात आहे, बघा."

बाई आणखीच हसली आणि तिने आपला पत्ता मिलोशकडे दिला.

दुसऱ्या दिवशी सर्दीने विंको अंथरुणाला खिळला. विदा एकटीच इंजिनघरात जाऊन तारा काढून आली. एकदा तारा काढल्या की ती जुळणी गेली, ती पुन्हा हुबेहूब लागत नाही. हातोडीचे स्क्रूही तिने काढले. वसंतातल्या कार्यक्रमाला तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मिलोशने सगळं ध्वनिमुद्रित केलं होतं. त्याने ते तिच्या फोनवर पाठवलं आणि वर लिहिलं, "तुझा आजवरचा सर्वांत चांगला तास. तू नसलेला." ते वाचून तिला तीन दिवस चैन पडलं नाही. गाडीत ऐकावं म्हणून लावायची आणि पहिला सूर आला की बंद करायची. कवळ्या घासताना तिच्या हातून दोनदा दात तुटला.

"काय लावतेस आणि बंद करतेस सारखं?" शेवटी विंकोने विचारलं. तो आता उठून बसला होता आणि स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता.

"रविवारचं. मी नव्हते तेव्हाचं."

"मग लाव की. घंटा आली तर मी सांगेन तुला."

तिने फोन ब्रेडच्या डब्याला टेकवून ठेवला. घोगरा सूर आला, थेंब आले. पहिला टोला पडला तशी विंकोच्या हातातली सुरी थांबली, मग पुन्हा चालू झाली. "हं," तो म्हणाला, "पुढे जाऊ दे." मग फोनची गुरगुर, खांबाआडची तिची कुजबुज. पावलं. दाराची करकर. कुठे चाललीस, मिलोशचा आवाज. वाजेल, तिचा आवाज. दार लागलं.

तिथून पुढचं तिने ऐकलं नव्हतं. विदाने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. थेंब दाट व्हायला लागले, तिने जिथे नक्की अडवले असते तिथेच.

"हे बघ, इथे बरं आहे," विंको म्हणाला आणि दुसरा बटाटा घेतला. "मीठ कुठे ठेवलंस?"

"समोरच आहे बाबा," ती म्हणाली. "गप्प बसा जरा."